एकवीस लाख साठ हजार कुठे ठेवलेत?

सिक्स सिग्मावाल्या ब्लॅक बेल्ट साहेबांस,

आपण पुण्याचे, म्हणून मराठीत लिहितो. रिजेक्शन चार टक्क्यांवरून दोनवर आणून आपण वर्षाला २१ लाख ६० हजार वाचवलेत, सत्कारही झाला, समोसे वाटले. अभिनंदन! आठवड्यातून दोनदा आपल्याकडे हिशेब तपासायला येणारा मी म्हातारा. हे पैसे खात्यात शोधत बसलो. सापडेनात. चष्मा बदलून पाहिला.

मग आपली रीत उलगडली. महिन्याला दहा हजार नग, त्यातले दोनशे वाचले, विक्रीची किंमत नऊशे, गुणिले बारा. गुणाकार चोख आहे. पण गिऱ्हाईक दारात रांग लावून उभं असतं, तर ते दोनशे नग नऊशेला खपले असते ना? आपली ऑर्डर तेवढीच आहे. म्हणजे वाचला तो दोनशे नगांचा माल, टूल आणि वीज, नगामागे ४६० रुपये. भंगाराचे ६० यायचे, ते आता बुडाले. राहिले ४००. वर्षाचे नऊ लाख साठ हजार. त्यातून गेजचे साडेतीन लाख आणि हॉटेलातल्या प्रशिक्षणाचे दोन लाख चाळीस हजार वजा करा. (क्रॉस्बींनी १९७९ साली पुस्तक लिहून गुणवत्ता फुकट असते असं सांगितलं, शिकवणी फुकट असते असं नव्हे.) पहिल्या वर्षी हाती तीन लाख सत्तर हजार. हे मात्र आहेत. मी पाहिले, चांगले आहेत.

रीवर्कवाल्या तिघांचा पगारही आपण बचतीत धरणार होता म्हणे. ते तिघं शेजारच्या लाइनवर स्टुलावर बसलेत. पगारपत्रक होतं तेवढंच आहे.

मी सुचवलं, बचत खरी ना, मग पुढच्या वर्षी कुणाच्या तरी बजेटातून कापू. प्रॉडक्शन म्हणालं, स्टोअर्सचं कापा. स्टोअर्स म्हणालं, मेंटेनन्सचं. आमच्या लखनऊत याला 'पहले आप' म्हणतात. मी राहतो त्या छावणीत साहेबांची तपासणी आली की झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लागतो. झाडं देखणी दिसतात. सावली होती तेवढीच राहते.

गंमत अशी की, मोजायला हवं ते आपण मोजलंच नाहीत. गुणवत्तेचे जपानी जाणकार तागुची १९५४-५५च्या सुमारास कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत येऊन गेले होते. त्यांचा हिशेब असा: माप मर्यादेत असलं म्हणून नुकसान शून्य होत नाही. नेमक्या मापापासून ते दुप्पट सरकलं की नुकसान चौपट. आपल्या नव्या गेजमुळे बोअरचं माप मधोमध येऊ लागलंय, म्हणजे गिऱ्हाइकाकडून परत येणारा माल घटलेला असणार. कदाचित खरे पैसे तिथेच असतील. पण वॉरंटीचं खातं पडलं सेल्सकडे, म्हणून आपण ते उघडलंच नाहीत!

गुरुवारी ती वॉरंटीची वही घेऊन या. चहा माझ्याकडून. समोसे नकोत, मागच्यांचं बिल अजून प्रकल्पाच्या खर्चात धरायचं राहिलंय.

आपला,
एक कॉस्टिंगवाला,
सदर बाजार, लखनऊ छावणी