साडेबारा सेंटिमीटरची टॅक्सी

जुन्या मोटारीचं मॉडेल बांधण्याचा वसा ज्यांना घ्यायचा असेल, त्यांनी पहिल्या दिवशी खोकं उघडू नये. आधी घरातलं जेवणाचं टेबल मोजावं. गाडी १:२४ प्रमाणात, म्हणजे मूळ गाडीच्या चोविसाव्या हिश्शाची असते. तिला लागणारी जागा मात्र अख्ख्या गाडीची असते. माझी फियाट ५०० पुरी झाली तेव्हा जेमतेम साडेबारा सेंटिमीटर भरली, चष्म्याच्या घरापेक्षा आखूड. तिच्यापायी आमच्या घरातली चार माणसं दिवाळीपासून मृगापर्यंत ताटं मांडीवर घेऊन जेवली.

गाडी कोणती घ्यावी, हा दुसरा प्रश्न. शास्त्र असं की जी मनात आहे ती दुकानात नसते. मला हवी होती मुंबईची प्रीमियर पद्मिनी, काळी-पिवळी. २९ ऑक्टोबर २००३ला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपवून रस्त्यावरून उतरली आणि ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईत ती दिसेनाशी झाली, तेव्हापासून माझ्या डोक्यात हे खूळ. दुकानात मिळाली ती तामियाची फियाट ५०० एफ. मी विचार केला, फियाट ती फियाट. पद्मिनी फियाट ११००च्या वंशातली, आणि ११०० काय नि ५०० काय, दोन्हींच्या जन्माला दान्ते जाकोसा नावाचा एकच इंजिनिअर. म्हणजे सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी झाल्या. एकीच्या मापाचं पोलकं दुसरीला उसवून-शिवून बसवता येईल, असा माझा हिशेब. नवशिक्याने असे हिशेब अवश्य करावेत. केले नाहीत तर छंद दोन आठवड्यांत संपतो.

मूळ गाडीत फेरफार करणं हे पाप आहे का, असं काही सोवळे विचारतील. त्यांना १९५८ साल सांगावं. त्या वर्षी अमेरिकेतल्या एएमटी कंपनीने एकाच खोक्यात तीन गाड्यांचा माल भरला: शोरूममधल्यासारखी बांधा, नटवून बांधा, नाहीतर शर्यतीची बांधा. कारखान्यानेच एकदा परवानगी दिल्यावर आपण कोण नको म्हणणारे?

आता खोकं उघडायला हरकत नाही. आत सुटे भाग प्लॅस्टिकच्या चौकटींना लगडलेले असतात. या चौकटीला स्प्रू म्हणतात. भाग पिरगाळून तोडणाऱ्याला या व्रताचं फळ मिळत नाही. कटरने जरा लांबून कापावा, उरलेलं बोंड पातीने तासावं, मग पॉलिश पेपर. हे सगळं चिमट्यात धरून करायचं असतं, आणि चिमट्याचा स्वभाव असा की दाब एक केसभर वाढला की भाग टणकन उडतो. माझा बाहेरचा आरसा, लांबी चार मिलिमीटर, असाच उडाला. टॉर्च जमिनीला समांतर धरून मी पाऊण तास पालथा पडलो होतो. सापडला तो तीन आठवड्यांनी, पोहे निवडताना. तोवर मी स्प्रूच्या तुकड्यातून दुसरा कोरला होता. तो जास्त चांगला झाला होता, पण घरात हे कुणालाही पटवता आलं नाही.

चिकटवण्याबद्दल थोडक्यात. मॉडेलचा द्रव सिमेंट हा गोंद नव्हे. तो प्लॅस्टिक विरघळवतो आणि दोन भाग एकजीव करतो. फटीला ब्रश नुसता टेकवला की आपोआप आत ओढला जातो. बोट फटीवर असेल तर बोटाच्या बाजूलाही ओढला जातो, आणि गाडीच्या दारावर तुमचा अंगठा कायमचा उमटतो, खरेदीखतावर उमटावा तसा. काचा मात्र सुपरग्लूने लावू नयेत. त्याची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरी बसते. माझी पहिली पुढची काच महाबळेश्वरच्या धुक्यात गेली, ती परत आली नाही.

आता रंग. इथे घाई करू नये, कारण इथेच खरा माणूस कळतो. गाडीच्या रंगाचा थर आपल्या हाताने दशांश मिलिमीटर जरी चढला, तरी चोविसाने गुणल्यावर तो अडीच मिलिमीटरच्या आसपास जातो. इतका रंग खऱ्या गाडीवर कुणी मारला तर तो पेंटर नाही, गवंडी. रंगात डोक्यावरचा एक केस पडला तर तो त्या मापात सुतळीएवढा दिसतो. म्हणून आधी सांध्यात लांबी भरायची, घासायची, प्रायमर, पुन्हा घासायचं. ४०० नंबरच्या कागदापासून २०००पर्यंत, पाणी लावून. गॅरेजवाल्यांच्या भाषेत हे डेंटिंग-पेंटिंग. फरक इतकाच की त्यांचं गिऱ्हाईक गाडी न्यायला येतं.

पिवळा रंग हा मोठा लबाड. तो अंगाने पातळ, खालचं सगळं दाखवतो. त्यावर जाणकारांचा तोडगा असा की खाली गुलाबी प्रायमर मारायचा. वर पिवळा ऊबदार उतरतो. टपाला गुलाबी मारून मी गाडी खिडकीत वाळत ठेवली. सौ. चहा घेऊन आल्या, दोन मिनिटं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “अहो, टॅक्सी म्हणाला होतात ना? ही तर बारशाची दिसतेय.” अशा वेळी खुलासा करू नये. पिवळा चढू द्यावा.

फिक्कट आधी, गडद नंतर. पिवळा पक्का वाळल्यावर टपाच्या कडेने मास्किंग टेप लावायची, नखाने दाबायची आणि बाकीच्या अंगावर काळा. काळाही डबीतला कोळशासारखा काळा घेऊ नये. लहान वस्तूवर अस्सल रंग मुळापेक्षा भडक दिसतो, म्हणून काळ्यात थोडा करडा मिसळावा. आणि हे सगळं मृगाच्या आत उरकावं. दमट हवेत लॅकर उडवला की त्याचं द्रावक उडता उडता पृष्ठभाग गार करतं, हवेतलं पाणी तिथे जमतं आणि काळ्याभोर रंगावर दुधाची साय धरते. कोकणपट्टीच्या मॉडेलकाराने मृगात एअरब्रश धुऊन ठेवावा तो हस्त संपल्यावर काढावा.

आता नटवण्याचं. टॅक्सी म्हटल्यावर स्टिअरिंग उजवीकडे हवं. फियाट ५००चा डॅशबोर्ड म्हणजे एक उघडी पत्र्याची पट्टी आणि चाकामागे एकच गोल मीटर. पट्टी मधोमध कापली, उलटी केली, जोडली, लांबी भरली, घासली, पेडल हलवली. दोन आठवडे गेले. गाडीला काचा लागल्यावर यातलं काहीही दिसत नाही, हे त्यानंतर कळतं. टपाचं कॅरिअर वायरीतल्या तांब्याच्या तारेचं केलं. भाड्याचा जुना झेंडेवाला मीटर स्प्रूच्या चौकोनी तुकड्याचा, त्यावर कागदाचा लाल झेंडा, नखाएवढाही नाही. तो मी ड्रायव्हरला सोयीचा पडावा म्हणून उजव्या मडगार्डवर चिकटवला.

शेवटचा टप्पा हा या शास्त्राचा कळस. चार महिने ज्या गाडीवरचा एकेक खड्डा, एकेक ओरखडा आपण घासून काढला, तिच्यावर आता तेच परत घालायचे. याला वेदरिंग म्हणतात. मी मागच्या दाराशी (मागचं दार नव्हतंच, पण ते असतं तिथे) आतून तापलेली सुई टेकवून पोचा काढला. चाकाच्या कमानींना रेड ऑक्साइडचे ठिपके दिले. खडूच्या रंगाची पूड करून मऊ कुंचल्याने धूळ बसवली. डिझेलचं काजळ, वायपरचे अर्धगोल, सगळं. तीन आठवडे. माझ्या मते गाडी आता जणू दादर टीटीच्या स्टँडवरून आली होती.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. एकतीस वर्षं पद्मिनी टॅक्सी चालवली. मॉडेल पुरं झालं की जाणकाराला दाखवावं असा दंडक आहे. तो मी पाळला. काकांनी चष्मा कपाळावर सारला आणि गाडी तळहातावर घेतली.

“दारं दोनच?”

मी इतिहास सांगितला.

“इंजिन?”

“मागे. ४९९.५ सीसी. अठरा हॉर्सपॉवर.”

“मग डिकी पुढे असेल.” ते थोडं थांबले. “टप कापडाचा दिसतोय. कॅरिअर बसवलंस कशावर?”

फियाट ५००चा टप कापडी, दुमडून मागे सारायचा असतो, हे मला ठाऊक होतं. तांब्याची तार वळताना ते मी विसरलो होतो.

मग त्यांची नजर पोच्यावर गेली. “हे काय? कुठे ठोकलीस?”

“मुद्दाम केलंय, काका. खरी वाटावी म्हणून.”

“कुणाची खरी? माझ्या गाडीला एकतीस वर्षांत ओरखडा नव्हता. रोज पहाटे पाचला आधी फडकं, मग चहा.” एवढं बोलून त्यांनी खिशातून रुमाल काढला, बॉनेटवर हाः करून तोंडाची वाफ सोडली आणि मला काही बोलता यायच्या आत सराईत हाताने गाडी पुसली. पुढून मागे, मग काचा, मग टप. तीन आठवड्यांची धूळ रुमालावर आली. काळा चकाकला. (नवशिक्यांनी नोंद घ्यावी: धूळ बसवल्यावर वरून मॅट वॉर्निशचा एक हात मारायचा असतो.)

“आता बघ,” ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा बघून मी वॉर्निशचा विषय काढला नाही.

गाडी परत देताना ते अडले. “मीटर उजवीकडे कुठे लावलास? डाव्या अंगाला हवा. खिडकीतून हात काढून झेंडा पाडायचा.” त्यांनी नखाने अलगद उचकटायला घेतला. मीटर निघाला. त्याच्याबरोबर मडगार्डवरचा काळाही निघाला, आणि खालचा करडा प्रायमर पैशाएवढा उघडा पडला.

काकांनी मीटर माझ्या हातावर ठेवला. “एवढा टचअप करून घे,” म्हणाले, “आणि मग आण.”

मी खिडकीकडे पाहिलं. समोरच्या पत्र्यावर पाऊस वाजायला लागला होता. टेबल आम्हाला जेवायला आता दसऱ्यानंतर मिळेल.