फुकटची जर्मनी

"अहो बंटीच्या आई, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या सरांचा पोरगा जर्मनीला चालला. फी म्हणे एक रुपया नाही!"

दोरीवरचे कपडे तसेच टाकून मी कुंपणाशी गेले. काकूंकडे बातमी असली की दोन्ही घरच्या भाज्या करपतात.

"खरंय काकू. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नसतेच. पण पोरगा स्टुटगार्टला गेला तर दर सहा महिन्यांनी दीड हजार युरो मोजा. तिथल्या राज्यानं 2017 पासून युरोपाबाहेरच्या पोरांना लावलेत."

"तुम्हाला बरं एवढं माहीत!"

"भाचा गेलाय ना माझा. जायच्या आधी तिकडच्या खात्यात 11,904 युरो भरले. त्याशिवाय व्हिसा नाही. पैसे आपलेच, पण हातात पडणार महिन्याला 992. त्यातच खोली, विमा, किराणा. शनिवार-रविवार गोदामात खोकी उचलतो. इथं चाळीतला कांदा निवडायला बसवला की कंबर धरायचा!"

"रुपयांत सांगा बाई."

"युरो शंभराला धरा. बारा लाखांच्या आसपास."

काकू बोटांची पेरं मोजायला लागल्या. "पंधराशेचा भाव मिळाला तर आठशे क्विंटल कांदा! आठ एकरांचं उन्हाळं गेलं की हो. त्यापेक्षा कॅनडा बरा."

"कुठला बरा! आधी तिकडे दहा हजार डॉलर दाखवले की भागायचं. 2024 ला एकदम दुप्पट केले, आता 22,895. तेही नुसतं राहण्या-खाण्याचं, पहिल्या वर्षाची फी वेगळी. इंग्लंडात तर लंडनबाहेर राहायचं म्हटलं तरी महिना 1,171 पौंडांनी नऊ महिन्यांचे दाखवा, वर फी, वर त्यांच्या दवाखान्याचे वर्षाला 776 आधीच भरा. आजारी पडा नाहीतर नका पडू."

"आमच्या वेळचं बरं. राजेलोक पाठवायचे."

"तुमच्या वेळी कुठले राजे काकू! पण राजा आपल्याच बाजूचा होता. बडोद्याचे सयाजीराव मूळचे मालेगावकडच्या कौळाण्याचे. त्यांनी 1913 ला बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवलं. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. आता सयाजीरावांच्या नावानं सारथी संस्थेची शिष्यवृत्ती आहे मराठा पोरांना, पण जागा मोजक्याच."

"साडेअकरा..." काकू क्षणभर गप्प झाल्या. एवढा वेळ गप्प त्या रेणुकामातेच्या आरतीतही नसतात. मग कुंपणावरून वाकून हळूच म्हणाल्या, "सरांनी हायवेकडचं दोन एकर काढलंय विकायला."

"काय सांगता! कोण म्हणालं?"

"म्हणायला कोण कशाला हवं? आमचे हे काल संध्याकाळी बघून आले. विहिरीला पाणी चांगलंय म्हणे."