दाराशी थांबलेले मासे

नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात माशांसाठी दारावरची बेल आहे. शहरातून कालवा वाहतो आणि त्या कालव्यावर वेर्डस्लौस नावाचं जुनं लॉकगेट आहे. होड्यांना पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेऊन सोडणारं हे दार. वसंताची चाहूल लागली की पर्च, ब्रीम, पाइक अशा नावांचे मासे उथळ, कोमट पाण्यात अंडी घालायला प्रवाहाच्या उलट निघतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत होड्यांची वर्दळ नसते. होड्या नाहीत म्हणून दार उघडत नाही, दार उघडत नाही म्हणून मासे ताटकळतात, आणि ताटकळणारे मासे म्हणजे पाणपक्ष्यांना आयतं वाढलेलं पान. यावर मार्क व्हान ह्यूकेलम या पर्यावरणतज्ज्ञाला एक उपाय सुचला आणि २०२१ साली तो प्रत्यक्षात आला. पाण्याखाली कॅमेरा, त्याचं चित्रण इंटरनेटवर चोवीस तास, आणि खाली एक बटण. जगातल्या कुणालाही मासा दिसला की त्याने बटण दाबायचं. त्या क्षणाचं छायाचित्र तिथल्या मंडळींकडे जातं, पुरेसे मासे खोळंबलेत असं दिसलं की निरोप जातो, आणि दार उघडतं.

इतकं ऐकल्यावर वाटतं, वा, आता बसू आणि दणादण बेल वाजवू. प्रत्यक्षात पडद्यावर दिसतं ते शेवाळी रंगाचं गढूळ पाणी, आणि त्यातून सावकाश उतरणारे कसलेसे कण. बराच वेळ काही घडत नाही. मग आणखी बराच वेळ काही घडत नाही. एखादं पान वाहत येतं आणि छातीत धस्स होतं. बोट बटणाकडे जातं, पान पुढे सरकतं, बोट शरमून परत येतं. आणि कधीतरी, लक्ष नेमकं चहाकडे गेलेलं असताना, पडद्याच्या कडेतून एक गंभीर चेहरा आत येतो, तालुक्याच्या कचेरीत तिसऱ्यांदा खेटा घालणाऱ्या माणसाचा असतो तसा. तक्रार नाही, घाई नाही, साहेब येईपर्यंत थांबू म्हणतो. अशा वेळी पुण्यातल्या एका दुसऱ्या मजल्यावर बसून सहा-सात हजार किलोमीटरवरचं दार वाजवताना जो मोठेपणा अंगावर येतो, तो सोसायटीच्या अध्यक्षपदानेही येत नाही. बंद दाराबाहेर उभं राहून आतल्याला विनवण्याची आपली परंपरा थेट मुक्ताबाईच्या ताटीपर्यंत जाते. तिने भावासाठी केलं, आपण ब्रीमसाठी करतो. योग्यतेत फरक राहणारच.

मला या बेलचं कौतुक वाटतं ते तिने आपला काडीचाही वेळ वाचत नाही म्हणून. हल्ली हातात येणारं प्रत्येक उपकरण वेळ वाचवण्याची शपथ घेऊनच येतं, आणि वाचलेला तो वेळ कुठल्या फडताळात ठेवला जातो ते काही सापडत नाही. घरात इतकी यंत्रं वेळ वाचवत असताना एव्हाना प्रत्येकाकडे दोन-चार वर्षं शिल्लक पडायला हवी होती.

खरं तर इंटरनेटवर डोळा लावून बसण्याची सुरुवातच अशा एका बिनमहत्त्वाच्या वस्तूपासून झाली. १९९१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीचं एकच यंत्र होतं, ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेर. दुसऱ्या मजल्यांवरचे संशोधक जिने उतरून यायचे आणि भांडं रिकामं पाहून परत चढायचे. ज्ञानाची अशी पायपीट पाहवेना म्हणून क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्स्की यांनी भांड्यावर कॅमेरा रोखला आणि त्याचं बोटभर, काळंपांढरं चित्र सगळ्यांच्या संगणकांवर दिसेल अशी सोय केली. चित्र मिनिटाला तीनेकदा बदलायचं. भांड्यातली कॉफी काही त्याहून वेगाने बदलत नसल्याने ते पुरेसं होतं. १९९३ मध्ये ते चित्र वेबवर गेलं, आणि मग ज्यांना त्या कॉफीचा एक घोटही कधी मिळणार नव्हता अशी जगभरची माणसं ती किती उरली हे पाहू लागली. दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजतंय याची उत्सुकता आपल्या वाड्यांपुरतीच असते असा माझा समज होता. ती विश्वव्यापी निघाली. २००१ मध्ये तो कॅमेरा बंद झाला, तेव्हा त्याचीही बातमी झाली, आणि बिघडलेलं ते यंत्र लिलावात जर्मनीच्या श्पीगेल ऑनलाइनने ३,३५० पौंडांना घेतलं. आमच्याकडे तडा गेलेल्या बरणीच्या बदल्यात बोहारीण साधी चाळणीही देत नाही.

विद्वान माणसं फावल्या वेळात अशा गोष्टी करतात हे कळलं की विद्वत्तेची भीती बरीच कमी होते. क्लॉड शॅनन हे नाव घ्या. आजचा प्रत्येक संदेश, प्रत्येक फोन, ज्या गणितावर चालतो ते या गृहस्थांनी १९४८ मध्ये मांडलं. आणि त्यांच्या टेबलावर काय होतं? एक लाकडी पेटी. वर एक खटका. खटका चालू केला की झाकण उघडे, आतून एक हात बाहेर येई, खटका बंद करी आणि पुन्हा आत जाई. बस, एवढंच. कल्पना मार्व्हिन मिन्स्की यांची, तेही पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पितामहांत गणले गेले. या पेटीकडे पाहून विज्ञानकथाकार आर्थर सी. क्लार्क यांना म्हणे काहीतरी अघोरी पाहिल्यासारखं वाटलं होतं. मला तसं वाटत नाही. तिच्या वागण्यात मला ओळखीचं काहीतरी दिसतं. दुपारी दीड वाजता फोन केला की उचलून ‘झोपलोय’ एवढं सांगून ठेवणारे एक काका आमच्या नात्यात होते.

शॅनन यांची पेटी निदान निरुपयोगी असल्याचं कबूल तरी करते. जपानच्या केंजी कावाकामी यांनी उपयोग आणि निरुपयोग यांच्या बांधावरच शेती केली. ‘चिंदोगू’ या नावाने त्यांनी जगापुढे मांडलेल्या वस्तू पाहताना क्षणभर वाटतं, अरेच्चा, हे कसं कुणाला सुचलं नव्हतं? आणि दुसऱ्या क्षणी कळतं, का सुचलं नव्हतं ते. डोळ्यांत औषधाचा थेंब नेमका पडावा म्हणून भिंगांच्या जागी नरसाळी लावलेला चष्मा. मांजरीच्या चारही पायांना बांधायचे झाडू-मोजे, म्हणजे ती हिंडेल तिथली फरशी पुसली जाईल. उन्हात मात्र चोख चालणारी सौर विजेरी. या वस्तूंची एक दशसूत्रीही आहे. वस्तू प्रत्यक्ष बनवलेली हवी, नुसतं चित्र चालणार नाही. तिचं पेटंट घ्यायचं नाही. आणि ती विकायची नाही, विकली की व्रत मोडलं. मांजरीच्या मोज्यांमागे एवढं वैराग्य असेल असं कुणाला वाटलं असतं?

विकायची नाही ही अट मात्र मुंबईच्या लोकलमध्ये टिकली नसती. लिंबाच्या पोटात खुपसायची तोटी, एकाच दांड्याला लावलेलं सोलाणं, किसणी आणि बाटलीचं झाकण काढायचा आकडा, हे सगळं तिथे धावत्या डब्यात, दादर यायच्या आत, प्रात्यक्षिकासह विकलं जातं. विक्रेत्याच्या हातात गाजर असं सुटत जातं की पाहणारीला आपल्या संसारात आजवर काय कमी होतं ते लख्ख समजतं. घरी आल्यावर तेच यंत्र आपल्या गाजराशी असहकार पुकारतं. मग ते ओट्याखालच्या खणात जातं, जिथे शंकरपाळ्याची फिरकी, सोऱ्याची एक जास्तीची चकती आणि कशाचा तरी स्क्रू अशी मंडळी आधीपासून राहत असतात. असा खण नसलेलं मराठी घर मी पाहिलेलं नाही. त्यातलं काहीही टाकायला घेतलं की ‘राहू दे, लागतं कधीतरी’ हे वाक्य दुसऱ्या खोलीतून, न पाहता, येतं.

पण त्याच खणात पत्र्याचा नखाएवढा एक तुकडा असतो. त्यावर एका बाईचा चेहरा कोरलेला, आणि पुढे केसाइतक्या बारीक तारेचा चौकोन. सुईत दोरा ओवायची तार. तारेचा चौकोन नेढ्यातून आत सरकवायचा, त्याच्या ऐसपैस दारातून दोरा घालायचा आणि मागे ओढायचं. एवढं बिनचूक यंत्र मला दुसरं ठाऊक नाही. आजीला मोतीबिंदू झाला तेव्हा कुणीतरी तिला ती तार आणून दिली. ती तिने जपून ठेवली आणि कधीच वापरली नाही. शाळेतून येणाऱ्या नातवंडाला हाक मारून ती सुई पुढे करायची. दोरा ओवून होईपर्यंत आज डब्यात काय खाल्लं, बाई काय म्हणाल्या, भांडण कुणाशी झालं, ही सगळी चौकशी उरकायची. तार लावली असती तर दोरा लगेच गेला असता. मग विचारायचं कधी?

आजीच्या लेकीला, म्हणजे आमच्या आईला, मात्र मी एक उपकरण चिकटवण्यात यशस्वी झालो आहे. कॅमेरॉन बेकारिओ यांनी बनवलेला वाऱ्यांचा नकाशा. अमेरिकेच्या हवामान खात्याच्या महासंगणकांकडून आलेल्या आकड्यांवर तो चालतो, दर तीन तासांनी ताजा होतो, आणि पृथ्वीच्या गोळ्यावर सगळे वारे बारीक, सळसळत्या रेषांनी वाहताना दाखवतो. बोटाने गोळा फिरवावा, हवा तिथे थांबवावा. जूनमध्ये हिंदी महासागराकडे पाहत बसण्यासारखं सुख नाही. विषुववृत्ताच्या खालून रेषांचा लोंढा आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे येतो, तिथल्या डोंगरांना घासून उजवीकडे वळतो, सोमालियापाशी वेग घेतो, आणि अरबी समुद्र ओलांडून सरळ आपल्या कोकणावर. नैर्ऋत्येचे वारे म्हणून शाळेत घोकलेली ओळ डोळ्यांसमोर जिवंत होते.

पहिल्यांदा दाखवलं तेव्हा आई गच्चीवर पापड वाळत घालत होती. तिने ओला हात पदराला पुसला, चष्मा वर केला आणि विचारलं, “आपली गच्ची दिसते का यात?” नाही म्हटल्यावर तिने ढगाकडे पाहिलं, मुंग्यांची रांग पाहिली, आणि मला पापड आत न्यायला लावले. तासाभरात पाऊस आला. नकाशाची बाजू तिथेच संपली असं मी धरून चाललो होतो. पण संध्याकाळी तीच म्हणाली, “त्या रेषा दाखव रे पुन्हा.” आता रोज दिवेलागणीला फोन तिच्या हातात असतो. पावसाशी त्याचा संबंध तिने केव्हाच तोडला आहे, त्यासाठी मुंग्या पुरेशा आहेत. तिचा जीव सोमालियाच्या किनाऱ्यावर अडकलाय. तिथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत रेषा नुसत्या सुसाटत असतात, आणि ती गोळा तिथेच धरून ठेवते.

“अरे,” काल तिने विचारलं, “इतक्या वाऱ्यात त्या बायका वाळवणं घालतात तरी कुठे?”

शोधून सांगतो म्हटलं. अजून काही सापडलं नाही. ती जेवताना पुन्हा विचारणार आहे.