भरून जाईन ना जी!

उमरेड-कुहीकडे कोणाच्याही अंगणात जा, मालक हौसेनं संडास दाखवेल. निळं दार, आत टाइल्स, भिंतीवर रंगवलेलं: अनुदान रुपये १२,०००. मग हळूच म्हणेल, ‘‘आम्ही नाही जात जी त्यात. भरून जाईन ना!’’

म्हणजे संडास नव्हे, फिक्स डिपॉझिट. म्हातारीला रात्रीबेरात्री थोडं व्याज काढायची मुभा. सुनेला दिवस गेले, तर तिलाही. पाहुणे आले, तर अब्रूखातर एखादा हप्ता मोडायचा. कर्त्या पुरुषांनी मात्र मुद्दलाला हात लावायचा नाही. पहाटे बाटली घेऊन तुरीत शिरायचं. काही दूरदर्शी मंडळींनी तर विहिरीएवढा एकच खड्डा खणलाय, पणतूलाही तो भरता येऊ नये म्हणून.

खरं तर खड्डे दोन हवेत. पहिला पाचेक वर्षांनी भरला, की चेंबरमधली वीट इकडची तिकडे करायची, मैला दुसऱ्यात जातो. पहिला दीड-दोन वर्षं झाकून ठेवला, की आत कोरडं, बिनवासाचं सोनखत. एप्रिल २०१८मध्ये अख्खा ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. त्याआधी दाराचे फोटो निघाले, दारासमोर ताठ उभ्या मालकाचे निघाले. विटेचा फोटो कोणी मागितला नाही. म्हणून कित्येकांचा दुसरा खड्डा कागदावरच राहिला. तो कधीच भरत नाही, एवढा त्याचा गुण. त्यात आपली काळी कन्हार माती! पावसाळ्यात पाणी मुरत नाही, श्रावणातच खड्डा तुंबतो आणि मालक म्हणतो, ‘‘पाहा, म्हटलं नव्हतं?’’

पण समजा दोन्ही खड्डे आहेत, पहिला भरलाय, वाळलाय. झाकण कोण काढणार? ‘‘ते आपलं काम नाही जी.’’ मग कोणाचं? गावाला नेमकं ठाऊक आहे कोणाचं, कोणत्या मोहल्ल्यातून बोलवायचं, हेही ठाऊक आहे. माणसाच्या हातून मैला उपसायला २०१३च्या कायद्यानं बंदी आली, बोलावणं अडचणीचं झालं; तेव्हा गावानं तोड काढली, खड्डा भरूच द्यायचा नाही. अन् हाच गृहस्थ अंगण शेणानं सारवतो, गोमूत्र शिंपडतो, शेणखताच्या टोपल्या डोक्यावरून वावरात नेतो. गुराढोरांचं सगळं पवित्र. स्वतःच्याच लेकरांच्या, दोन वर्षं माती होऊन पडलेल्या खताला फावडं लावलं, की लगेच बाटतो! त्यापेक्षा त्याला अंधारात, बांधावर घोणस चावलेली परवडते.