अभ्यास दौऱ्याचे आदर्श वेळापत्रक

सांडपाणी व्यवस्थापनाच्या अभ्यासासाठी सहकुटुंब दिल्लीला निघालेल्या नगरसेवकांच्या नियोजनाचे कौतुक करावे तेवढे थोडेच. लाल किल्ला सोमवारी बंद, म्हणून प्रकल्पाची पाहणी सोमवारी. ताजमहाल शुक्रवारी बंद, म्हणून चर्चासत्र शुक्रवारी. मधले तीन दिवस करोल बागेतल्या साड्या आणि पराठेवाली गल्ली यांच्या सखोल अभ्यासाला. कुतुबमिनार मात्र आठवड्याचे सातही दिवस उघडा असतो. लोककार्यात हा उघड अडथळा आहे. पुरातत्त्व खात्याने वास्तूंच्या सुट्ट्या वाढवाव्यात, शहराची कामे आपोआप वाढतील. शिवाय ताजमहालामागे यमुना वाहते, तेव्हा सांडपाण्याचा विषय तिथेही सुटत नाही. करदात्यांनी अहवालाची काळजी करू नये. दौरा निघण्यापूर्वीच तो एकमताने मंजूर झाला आहे.