श्रेयांकांची मुदत ठेव

२०२०च्या शैक्षणिक धोरणातून निघालेल्या श्रेयांक बँकेचे कौतुक करावे तेवढे थोडेच. कमावलेले श्रेयांक कमाल ७ वर्षे सुरक्षित. हवे तेव्हा दुसऱ्या विद्यापीठात वळते करा. सोबत फक्त मायग्रेशन सर्टिफिकेट, पात्रता अर्ज आणि अभ्यासक्रमाच्या पानापानावर जुन्या प्राचार्यांचा गोल शिक्का. (शाई निळीच हवी.) नव्या विद्यापीठाचा आक्षेपही रास्तच: तिकडचे अर्थशास्त्र ४ श्रेयांकांचे, इकडचे ३, एवढे जास्तीचे ज्ञान ठेवायचे कुठे? खरे तर पायथागोरसचा सिद्धान्तही विद्यापीठाच्या हद्दीपुरताच ग्राह्य धरावा, म्हणजे वादच मिटला. तूर्त प्रकरण समकक्षता समितीपुढे आहे. अर्जदाराने बैठकीला येताना मुलालाही घेऊन यावे. त्याच्या प्रवेशाचेही लगोलग पाहता येईल.