लाटण्याची नोंद कोणत्या रकान्यात?

मनाई आदेश लिहिणाऱ्या साहेबांस,



पंधरवड्याला न चुकता येणाऱ्या दोनच गोष्टी मला ठाऊक आहेत : एकादशी आणि आपला मनाई आदेश. एकादशीला निदान साबुदाण्याची खिचडी तरी मिळते.

आपण मनाईच्या वस्तूंची यादी सुधारायला घेतली आहे असे कानावर आले, म्हणून हा पत्रप्रपंच. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951, कलम 37. तलवारी, भाले, बंदुका, सुरे, सोटे, लाठ्या, स्फोटके, दगड. इथवर तक्रार नाही; भाला घेऊन भाजी आणायला आम्हीही जात नाही. पुढे मात्र शरीराला इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू येते आणि माझी नजर ओट्याकडे वळते.

लाटणे. शिसवी, सासूबाईंच्या वेळचे, मधे जाड, एका टोकाला चीर आणि चिरेत वाळलेली कणीक. आठवड्यापूर्वी पाण्यासाठी आम्ही आळीतल्या सात बायका थाळ्या बडवत निघालो, तर नाक्यावर हवालदाराने ते हातात घेऊन तोलून पाहिले.

"ताई, हे लागतं."

"लागतं ना. रोज पंचवीस पोळ्यांना."

थाळी त्यांनी परत दिली. ती बडवायची कशाने, ते काही सांगितले नाही.

साहेब, लाटण्याचे रेकॉर्ड जुने आहे. सत्तरच्या दशकात महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यामागे मुंबईच्या बायका थाळ्या-लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. त्या लाटण्याने कोणाचे डोके फुटल्याचे माझ्या वाचनात नाही. घाम बऱ्याच जणांना फुटला. तेव्हा घाम फोडणाऱ्या वस्तूंना यादीत वेगळा रकाना द्यावा, ही नम्र सूचना.

त्यात पहिली शाई. 2022च्या डिसेंबरात पिंपरी-चिंचवडमध्ये एका मंत्र्यांवर ती पडली आणि नागपूरच्या अधिवेशनात शाईच्या पेनांवर गदा आली. मग जोडा. 1 सप्टेंबर 2024 ला मुंबईत गेटवेपर्यंत 'जोडे मारो' आंदोलन झाले. यापुढे मोर्चाला अनवाणीच यावे. दूध रस्त्यावर ओततात, टोमॅटोचे तर विचारूच नका. काळी ओढणी अंगावर असली की निम्मा काळा झेंडा तयारच. आणि झेंडा हवाच असेल तर बिनकाठीचा, खिशातल्या खिशात फडकवावा.

याच कलमात गाणी आणि वाद्येही बसतात. विसर्जनाच्या रात्री डीजेच्या भिंतीपुढे आमच्या फडताळातल्या बश्या नाचतात, पण ते वाद्य नसावे. सात बायकांच्या थाळ्या, ते वाद्य.

थट्टा पुरे. शस्त्रे बंद ठेवा, नावानिशी ठेवा, कोणी हूं की चूं करणार नाही. 'कोणतीही वस्तू' एवढे मात्र खोडा. तिच्यात काय बसते ते नाक्यावरचा शिपाई ठरवतो, आणि आम्हाला आदेश कळतो तो अडवल्यावर. शिवाय मुदत पंधरा दिवसांची म्हणायची आणि एक संपायच्या आत दुसरा काढायचा, याला मुदत म्हणत नाहीत, वहिवाट म्हणतात.

आपली,
आळीतली एक गृहिणी

ता. क. : लाटणे अजून आपल्याकडेच आहे. आठ दिवस शेजारणीकडून मागून आणते आहे. पावती दिलेली नाही, तेव्हा ते कोणत्या खिडकीवर मागायचे, तेवढे कळवावे.